कोणती प्रोग्रामिंग भाषा आधी शिकायची? ग्रेस हॉपर यांच्या आयुष्यात सापडणारं उत्तर

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून दिवसाला जेमतेम एक तास मिळत असेल, तर पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्ट यांपैकी नेमकं काय शिकायचं? हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्यासाठी आज मी ग्रेस हॉपर यांची गोष्ट सांगणार आहे.

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली. व्हासार कॉलेजात त्या शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, पण वय जास्त आणि वजन नियमापेक्षा कमी! तरी खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्डच्या मार्क १ या अवाढव्य यंत्रावर झाली.

तिथे ना क्लास होता, ना आजच्यासारखी प्रोग्रामिंग भाषा. कागदी पट्टीवर भोकं पाडून सूचना द्यायच्या. युद्धाची गणितं थांबणार नव्हती, म्हणजे वेळ कमीच. हॉपर यांनी ते एकच यंत्र मुळापासून समजून घेतलं. इतकं, की त्याचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल लिहिण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१९४९ पासून त्या युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या कंपनीत होत्या. प्रोग्रामर कोडचे तेच तेच तुकडे हाताने उतरवून काढतात आणि त्यात चुका होतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग हे तुकडे टेपवर साठवून संगणकालाच जोडायला लावलं तर? यातून १९५२ मध्ये ए-० तयार झाला. पहिल्या कंपायलरांमध्ये त्याची गणना होते.

आता खरा मुद्दा. १९५७ मध्ये आयबीएमची फोरट्रान आली. ती वैज्ञानिक सूत्रांसाठी उत्तम होती. पण हॉपर यांच्यासमोरची माणसं पगारपत्रकं आणि मालाचा हिशोब ठेवणारी होती. त्यांना गणिती चिन्हं नकोशी वाटायची. म्हणून हॉपर यांच्या टीमने साध्या इंग्रजी शब्दांची फ्लो-मॅटिक बनवली. १९५९ मध्ये कोबोलचं काम सुरू झालं, तेव्हा तिचा मोठा आधार हीच भाषा होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम किरकोळ बदल करून दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला.

म्हणजे काम आधी ठरलं, भाषा नंतर. मी तरी हाच क्रम पाळायला सांगेन. पुढच्या सहा महिन्यांत काय बनवायचंय ते एका ओळीत लिहा. डेटाचं काम असेल तर पायथन घ्या. ब्राउझरमध्ये चालणारं काही हवं असेल तर जावास्क्रिप्ट, अँड्रॉइड ॲप असेल तर कोटलिन, मायक्रोकंट्रोलर असेल तर सी. मग एक छोटा प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत भाषा बदलू नका. लूप, फंक्शन, चुका शोधायची सवय हे सगळं पुढच्या भाषेतही तुमच्या कामी येतं.

हॉपर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. कोबोल मात्र आजही अनेक बँकांच्या जुन्या सिस्टिममध्ये रोज चालतेय. बँकेच्या आयटीत जायचं असेल, तर तीही तुमच्या यादीत असू द्या!