नादारीच्या छायेतून घडलेला बॅरिस्टर : देशबंधू चित्तरंजन दास

देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव घेताच असहकार आंदोलन आणि स्वराज्य पक्ष आठवतो. मात्र त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया फौजदारी न्यायालयांत घातला गेला आणि त्यामागे दीर्घकाळच्या आर्थिक विवंचनेचा इतिहास होता.

५ नोव्हेंबर १८७० रोजी कोलकात्यात जन्मलेले चित्तरंजन प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १८९० मध्ये पदवीधर झाले. सनदी सेवेच्या परीक्षेसाठी ते इंग्लंडला गेले. परंतु तेथे यश आले नाही. त्यांनी इनर टेंपल येथून बॅरिस्टरची सनद मिळवली आणि मायदेशी परतून कोलकाता उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

त्या काळी नवख्या बॅरिस्टरची वाट खडतर होती. पक्षकार थेट त्याच्याकडे येत नसत. सॉलिसिटरांकडून खटले मिळत आणि मोठ्या शुल्काचे दिवाणी दावे प्रस्थापितांकडेच जात. चित्तरंजन यांचे वडील भुवनमोहन स्वतः सॉलिसिटर होते. पण उदार स्वभावामुळे ते कर्जात बुडालेले होते. त्या कर्जाचा भार मुलाने आपल्या शिरावर घेतला. घर चालवण्यासाठी चित्तरंजन जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांत फिरून अल्प शुल्काचे फौजदारी खटले चालवू लागले. साक्षीदाराची नेमकी उलटतपासणी कशी घ्यावी आणि कागदोपत्री पुराव्यातील विसंगती कशी हेरावी, हे त्यांना या भटकंतीने शिकवले. तरीही १९०६ मध्ये पितापुत्रांना नादारी पत्करावी लागली. बॅरिस्टरच्या प्रतिष्ठेला हा मोठाच धक्का होता.

दोनच वर्षांनी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर पोलिसांनी कोलकात्यात धरपकड केली. अरविंद घोष आणि त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांच्यासह अनेकांवर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवण्यात आला. सरकारतर्फे मद्रासचे नामवंत बॅरिस्टर अर्डली नॉर्टन उभे होते. बचावासाठी जमवलेला निधी अपुरा पडू लागला, तेव्हा चित्तरंजन यांनी अरविंदांचे वकीलपत्र स्वीकारले. स्वतः कर्जबाजारी असूनही त्यांनी मोबदल्याचा विचार केला नाही आणि इतर कामे बाजूला सारली.

खटल्यात दोनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि सुमारे चार हजार कागदपत्रे दाखल झाली. माफीचा साक्षीदार नरेंद्रनाथ गोस्वामी याची तुरुंगातच हत्या झाली होती. बचाव पक्षाला त्याची उलटतपासणी घेता आली नसल्याने त्याचा जबाब ग्राह्य धरता आला नाही. त्यामुळे कागदपत्रांचे महत्त्व अधिकच वाढले. त्यात बारींद्र यांनी अरविंदांना लिहिल्याचे सांगितले जाणारे एक इंग्रजी पत्र होते. धाकटा बंगाली भाऊ थोरल्याला अशा परक्या पद्धतीने संबोधणार नाही आणि पत्राखाली स्वतःचे पूर्ण नावही लिहिणार नाही, असे दाखवून चित्तरंजन यांनी ते पत्र बनावट असल्याचे प्रतिपादन केले. न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनाही ते संशयास्पद वाटले. आठवडाभराहून अधिक चाललेल्या अंतिम युक्तिवादानंतर ६ मे १९०९ रोजी अरविंदांची निर्दोष मुक्तता झाली. बारींद्र आणि उल्हासकर दत्त यांना मात्र फाशी सुनावण्यात आली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्याच्या जन्मठेपेत बदलली.

या खटल्यानंतर त्यांचे नाव देशभर पोहोचले आणि उत्पन्न झपाट्याने वाढले. त्यातून त्यांनी सर्वप्रथम जुने देणे फेडले. नादारीमुळे कायद्याने ते बांधील राहिले नव्हते. तरीही १९१३ मध्ये त्यांनी धनकोंची रक्कम चुकती केली आणि नादारीचा कलंक पुसून टाकला.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव मांडल्यानंतर त्यांनी ऐन भरातली वकिली सोडली. पुढे कोलकात्यातील राहते घरही त्यांनी लोककार्यासाठी दिले; तेथेच महिलांसाठी चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय उभे राहिले. १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. जिल्हा न्यायालयांत तुटपुंज्या शुल्कावर उमेदवारी करणाऱ्या या वकिलाने ऋण आणि कर्तव्य यांचा हिशेब कायद्याच्या चौकटीपलीकडे जाऊन पूर्ण केला होता.