कान्होजींच्या जहाजांचा तळ

मे महिन्यात मामाकडे धामापूरला गेले होते. तिथल्या तलावाचं पाणी गोडं, होडीच्या तळाला नुसतं शेवाळ. मालवणच्या समुद्रातल्या होड्यांना मात्र टणक बार्नाकल चिकटतात. तळ खडबडीत झाला की होडी जड चालते, म्हणून तो खरवडावा लागतो, असं मामाने सांगितलं.

तेव्हा कान्होजी आंग्रे आठवले. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात ते चार ओळींतच आटोपले होते! जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात. पुढे कान्होजी सरखेल झाले. बाळाजी विश्वनाथांशी बोलणी होऊन ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. १७२० मध्ये इंग्रजांचा विजयदुर्गावरचा आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांचा कुलाब्यावरचा हल्ला फसला. १७२९ मध्ये ते वारले.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली गोदी त्यांच्याच काळातली मानतात. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला तळ उघडा पडला की साफसफाई, डागडुजी. मग गुराबा, गलबतं पुन्हा हलकी पळायची.

माझा प्रोजेक्ट ड्रॅग कमी करणाऱ्या, शार्कच्या कातडीसारख्या बारीक खाचांच्या पृष्ठभागावर आहे. पण खाचांवर बार्नाकल बसले तर सगळं फुकट! त्याचा विचार मी केलाच नव्हता. मित्रांनो, आता व्हायव्हाची सुरुवात गिर्येच्या गोदीपासून करणार आहे.