आमच्या गावचे नाथ पै

मी वेंगुर्ल्याचा. हॉस्टेलवर कुणी गाव विचारलं की मी नाथ पैंचं नाव घेतो, आणि समोरचा हमखास विचारतो, कोण हे? म्हणून हा लेख.

बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचाच. ४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला, पुढे लंडनला कायदा शिकले आणि १९५७ साली राजापूरमधून लोकसभेत गेले. पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे विरोधी बाक.

तेव्हा चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला होता. आपल्या सरकारने ऑक्टोबर १९५८ मध्ये चीनकडे तक्रार केली, पण संसदेला हे कळलं २८ ऑगस्ट १९५९ ला. तब्बल दहा महिन्यांनी! विरोधक खवळले. अखेर ७ सप्टेंबरला नेहरूंनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून सभागृहापुढे ठेवला. सीमेवरच्या अशा चर्चांत नाथ पै अभ्यास करून उभे राहत. करार सरकार करतं, पण जमीन देशाची; मग देशाच्या प्रतिनिधींना अंधारात का ठेवायचं, हा खरा मुद्दा होता.

१८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले. वय फक्त ४८.

आपण तर लेक्चरला साधा डाउट विचारायलाही कचरतो. सर चिडतील, मुलं हसतील. मीही त्यातलाच. पण प्रश्न विचारणं म्हणजे विरोध नव्हे, ती आपली जबाबदारी असते, एवढं मी माझ्या गावच्या या माणसाकडून शिकतोय.