डॉ. रूपाबाई फर्दुनजी

आमचे ताडकळस १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होते. म्हणून हैदराबादच्या रूपाबाई मला परक्या वाटत नाहीत. १८८५ साली ही पारशी युवती तेथील मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाली. क्लोरोफॉर्म देताना नाडीवर नव्हे, श्वासावर लक्ष ठेवा, असा गुरू डॉ. लॉरी यांचा हट्ट. (तो पुढे अपुरा ठरला, क्लोरोफॉर्मने हृदयही थांबते.) भूल देण्याचेच काम रूपाबाईंनी पत्करले. या शास्त्रातील जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रोग्याला शस्त्रक्रिया करणारा आठवतो, भूल देणारी कुणाला आठवते? मला नवल वाटते ते निराळेच. वीस वर्षांच्या अनुभवानंतर, १९०९ साली, त्या एडिंबरोला पुन्हा विद्यार्थिनी म्हणून गेल्या. आणि शिकून हैदराबादलाच परतल्या.