भोळे तुकोबा

शंभर वर्षं आमची दिंडी तुकोबारायांच्या पालखीबरोबर चालते आहे. त्याच तुकोबांना देहूत लोक आधी वेडा म्हणून हसले, हे आम्ही विसरत नाही.

घर महाजनांचं, सावकारी नि दुकानदारी चालायची. १६३०च्या सुमारास दुष्काळ पडला. थोरली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, लेक संतूही गेला. धंदा बसला. महिपतीबुवा सांगतात, कोकणात मिरच्या विकताना तुकोबांनी मापही गिऱ्हाइकाच्याच हाती दिलं. परतताना एका ठकाने पितळेची मुलाम्याची कडी सोन्याची म्हणून गळ्यात मारली. मग जिजाईंनी कर्ज काढून भांडवल दिलं. त्यात नफा झाला, तर तो पैसाही वाटेत एका कर्जात बुडालेल्याला देऊन आले. उपास घडला तो जिजाईंना नि लेकरांना. त्यांचा संताप खोटा नव्हता.

मग तुकोबा नुसते खुळे होते का? सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवायची ठरली, तेव्हा त्यांनी आधी वाटणी केली. धाकट्या कान्होबांना निम्मी दिली, आपल्या वाट्याचीच तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या हिश्शाला हात लावला नाही. स्वतः फसले, पण कुणाला फसवलं नाही. आम्ही शहाणपण म्हणतो ते यालाच.

माउलींनो, दिंडीत असा कुणी भोळा दिसला, तर हसू नका. आधी त्याच्या पाया पडा.