गुरांच्या कानातला बिल्ला कासवांना लावला आणि समुद्राचं एक मोठं कोडं सुटलं. आर्ची कार यांची गोष्ट

जानेवारी २०२५. गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. कोकणात हे दर हिवाळ्यात घडतं, त्यामुळे तसं बघायला गेलं तर यात विशेष काही नव्हतं.

पण या मादीच्या पुढच्या पायाला धातूचा एक छोटासा बिल्ला होता. त्यावरचा नंबर तपासला तेव्हा कळलं, की हा बिल्ला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला आहे. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी चार वर्षांनी थेट पश्चिम किनाऱ्यावर पोचली होती. त्या नंबराशिवाय हे कुणालाच कळलं नसतं.

आता प्रश्न पडतो, कासवांना बिल्ले लावायची ही पद्धत आली कुठून? आणि एवढ्याशा पत्र्याने असं काय मोठं साध्य होतं?

त्यासाठी सत्तर वर्षं मागे, मध्य अमेरिकेतल्या एका काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जावं लागतं. तिथे रात्रभर कंदील घेऊन फिरणाऱ्या एका प्राध्यापकाचं नाव होतं आर्ची कार.

आर्ची कार यांचा जन्म १६ जून १९०९ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबिल शहरातला. वडील चर्चमध्ये पाद्री होते. कॉलेजला गेल्यावर आर्ची यांचा ओढा सुरुवातीला इंग्रजी साहित्याकडे होता. पण लहानपणापासूनचं साप, बेडूक आणि कासवांचं वेड काही सुटलं नाही. शेवटी त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठात जीवशास्त्र घेतलं.

फ्लोरिडा म्हणजे दलदल, तळी आणि पाणथळ जंगलं. तिथले बेडूक, सरडे, साप, कासवं यातलं कोण कुठे राहतं, काय खातं, कधी अंडी घालतं, याची नोंद करत आर्ची वर्षानुवर्षं फिरले. यावरच त्यांनी १९३७ मध्ये पीएचडी मिळवली. फ्लोरिडा विद्यापीठातून या विषयात पीएचडी करणारे ते पहिलेच.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पत्नी मार्जोरी हॅरिस या स्वतः प्राणीशास्त्रज्ञ. हे नाव लक्षात ठेवा, त्यांचा स्वतःचा एक लढा पुढे येणार आहे.

१९४५ मध्ये हे जोडपं होंडुरासला गेलं. तिथल्या एका कृषी महाविद्यालयात आर्ची यांनी चार वर्षं शिकवलं. स्पॅनिश भाषा, तिथली माणसं आणि कॅरिबियन समुद्राचा किनारा या तिन्ही गोष्टींशी त्यांची ओळख झाली ती इथेच. पुढे या ओळखीचा फार उपयोग झाला.

१९५२ मध्ये त्यांचं ‘हँडबुक ऑफ टर्टल्स’ हे जाडजूड पुस्तक आलं. उत्तर अमेरिकेतल्या कासवांची एवढी सविस्तर माहिती तोवर एका जागी कुणी आणली नव्हती. पण हे पुस्तक लिहिताना आर्ची यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तळ्यातल्या, नदीतल्या कासवांबद्दल भरपूर लिहिता येत होतं. समुद्री कासवांचा विषय आला की मात्र पानं कोरी पडत होती.

मादी किनाऱ्यावर येते, अंडी घालते, परत जाते. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण ती जाते कुठे? पुन्हा येते का? त्याच किनाऱ्यावर येते का? पिल्लं पाण्यात शिरल्यावर त्यांचं काय होतं? शास्त्रज्ञांकडे उत्तर नव्हतं.

मग आर्ची यांनी ज्यांचं आयुष्य कासवांवर चालत होतं त्यांनाच विचारायचं ठरवलं. कॅरिबियन बेटांवर आणि किनाऱ्यांवर फिरून ते मच्छीमारांशी आणि कासवं पकडणाऱ्या नाविकांशी गप्पा मारू लागले.

केमन बेटांवरच्या नाविकांकडे एक भन्नाट किस्सा होता. निकाराग्वाजवळच्या उथळ समुद्रात पकडलेल्या कासवांवर मालकाच्या नावाची खूण करून ती विक्रीसाठी फ्लोरिडाला न्यायची पद्धत होती. एकदा वादळात तिथला कोंडवाडा फुटला आणि खुणा केलेली कासवं पळाली. काही महिन्यांनी त्यातली कासवं पुन्हा सापडली, ती निकाराग्वातल्या त्याच जागी, जिथून आधी पकडली होती!

नाविकांच्या लेखी यात नवल नव्हतं. कासवाला आपली जागा माहीत असते, हे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. विद्यापीठातल्या कुणी ते गंभीरपणे घेतलं नव्हतं, एवढंच. आर्ची यांनी घेतलं. आता ते सिद्ध करायचं होतं.

त्यासाठी त्यांनी जागा निवडली कोस्टा रिकातला तोर्तुगेरो हा किनारा. साधारण ३५ किलोमीटर लांब, काळ्या वाळूचा. नावाचा अर्थच कासवांची जागा. ग्रीन टर्टल म्हणजे हिरवी समुद्री कासवं इथे हजारोंनी अंडी घालायला यायची.

आणि तिथेच पकडलीही जायची. रात्री किनाऱ्यावर माणसं फिरायची आणि वर आलेल्या मादीला पाठीवर उलटी करून ठेवायची. उलटं पडलेलं समुद्री कासव स्वतःहून सरळ होत नाही. मग होडी आली की सगळी माल म्हणून रवाना. लंडन-न्यूयॉर्कच्या हॉटेलांमध्ये कासवाच्या सूपला मोठी मागणी होती. काही ठिकाणी तर सूपसाठी लागणारा पोटाकडचा थोडासा भाग कापून घ्यायचे आणि बाकीचं कासव तिथेच सोडून द्यायचे.

१९५५ मध्ये आर्ची यांनी इथे बिल्ले लावायला सुरुवात केली. पहिला प्रयत्न फसला. त्यांनी कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तारेने पट्टी बांधली होती. पण समागमाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर चढतो, त्यात या पट्ट्या तुटून पडायच्या.

तोपर्यंत बोर्नियो बेटावर टॉम हॅरिसन आणि जॉन हेंड्रिक्सन हे अभ्यासक वेगळाच जुगाड वापरत होते. गाई-गुरांच्या कानाला लावतात तो धातूचा बिल्ला त्यांनी कासवाच्या पुढच्या पायाला लावला होता. आर्ची यांनीही तोच उचलला, आणि तो टिकला.

बिल्ल्यावर नंबर, फ्लोरिडा विद्यापीठाचा पत्ता आणि परत पाठवणाऱ्याला बक्षीस मिळेल असा मजकूर होता. बक्षीस होतं ५ डॉलर. गरीब मच्छीमारासाठी ही रक्कम लहान नव्हती.

हळूहळू पत्रं यायला लागली. सगळ्यात जास्त निकाराग्वाहून, आणि काही क्युबा, मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएलाहून.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की बिल्ला परत आला याचा अर्थ बहुतेक वेळा ते कासव मारलं गेलं होतं. प्रत्येक पाकीट म्हणजे नवी माहिती आणि एक मेलेलं कासव. आर्ची यांचा नकाशा असा भरत गेला.

त्या नकाशातून काय दिसलं? मादी दरवर्षी येत नाही, दोन-तीन वर्षांनी येते. पण येते तेव्हा तोर्तुगेरोलाच येते. इथे बिल्ला लावलेली एकही मादी दुसऱ्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडत नव्हती. म्हणजे नाविक बरोबर होते.

याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर होता. क्युबाच्या आणि निकाराग्वाच्या मच्छीमारांना मिळणारी कासवं एकाच किनाऱ्यावरून येत होती. तोर्तुगेरो संपलं असतं तर अर्ध्या कॅरिबियन समुद्रातली कासवं संपली असती. आणि एकट्या कोस्टा रिकाने पहारा ठेवूनही भागणार नव्हतं, कारण कासवाला देशांच्या सीमा कळत नाहीत.

हे लोकांपर्यंत पोचवायला त्यांचं जुनं साहित्यवेड कामाला आलं. १९५६ मध्ये त्यांचं ‘द विंडवर्ड रोड’ हे प्रवासवर्णन आलं. कासवं, नाविक, बेटं आणि आर्ची यांची मिश्कील शैली. त्यातल्या एका प्रकरणाला अमेरिकेत कथेसाठी दिला जाणारा ओ. हेन्री पुरस्कारही मिळाला.

हे पुस्तक जोशुआ पॉवर्स नावाच्या गृहस्थांनी वाचलं आणि मित्रांना वाटलं. त्यातून १९५९ मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ द ग्रीन टर्टल’ नावाची मंडळी जमली. तिचीच पुढे संस्था झाली, जी आज सी टर्टल कन्झर्व्हन्सी म्हणून ओळखली जाते. फक्त समुद्री कासवांसाठी काम करणारी ही जगातली सगळ्यात जुनी संस्था मानली जाते.

पण सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असं नाही.

तोर्तुगेरोतली अंडी आणि पिल्लं दुसऱ्या ओसाड किनाऱ्यांवर सोडली तर मोठी होऊन ती तिथेच परततील, अशी आर्ची यांची कल्पना होती. यासाठी चक्क अमेरिकन नौदलाने विमानं दिली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून हजारो पिल्लं कॅरिबियनभर पोचवली गेली. जवळपास दहा वर्षं हे चाललं. पण त्यातून नव्या वसाहती उभ्या राहिल्याचा पुरावा काही मिळाला नाही.

कासवांच्या शेतीबाबत तर त्यांनी आपलं मत पूर्ण बदललं. पाळलेली कासवं बाजारात आली की जंगली कासवांवरचा ताण कमी होईल, असं त्यांना आधी वाटायचं. केमन बेटांवर अशी शेती सुरू झाल्यावर त्यांना उलटाच धोका दिसला. माल वाढला की मागणीही वाढणार, आणि ती भागवायला चोरटी शिकार होणार. मग त्यांनी या धंद्याला उघड विरोध केला.

एका कोड्याने मात्र त्यांना जवळपास वीस वर्षं छळलं. केम्प्स रिडले हे आपल्या ऑलिव्ह रिडलेचं जवळचं भावंड. फ्लोरिडाच्या समुद्रात दिसायचं, पण अंडी कुठे घालतं हे कुणालाच माहीत नव्हतं. काही मच्छीमार तर म्हणायचे की हे स्वतंत्र कासवच नाही, संकर आहे. आर्ची किनाऱ्यामागून किनारे विचारत फिरले, उत्तर मिळालं नाही.

१९६१ मध्ये टेक्सासमधल्या एका परिषदेत हेन्री हिल्डेब्रँड या शास्त्रज्ञाने एक जुनी फिल्म दाखवली. आंद्रेस हेरेरा नावाच्या मेक्सिकन इंजिनिअरने १९४७ मध्ये ती काढली होती. मेक्सिकोच्या रान्चो नुएव्हो किनाऱ्यावर भरदिवसा हजारो रिडले मादी एकाच वेळी वर येत होत्या. एका दिवसात सुमारे ४० हजार, असा अंदाज नंतर बांधला गेला. प्रेक्षकांमध्ये आर्ची कारही बसले होते.

कोडं सुटलं, पण उशिरा. फिल्म दाखवली गेली तोवर अंड्यांच्या लुटीमुळे ते थवे खूप आटले होते. १९६६ पासून मेक्सिकोने किनाऱ्यावर पहारा बसवला. तरी १९८५ मध्ये या प्रजातीची जेमतेम ७०२ घरटी मोजली गेली.

दरम्यान मार्जोरी यांचा लढा सुरू होता. फ्लोरिडा आरपार कापणाऱ्या एका महाकाय कालव्याचं काम चालू होतं. त्यात ओक्लावाहा नदीचं खोरं बुडणार होतं. मार्जोरी यांनी शास्त्रज्ञ, वकील, अर्थतज्ज्ञ गोळा केले, संघटना उभी केली आणि कोर्टात गेल्या. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी काम थांबवलं. कार यांच्या घरात पाच मुलं, कासवं आणि आंदोलनाच्या फायली असं सगळं एकत्र नांदत होतं.

शेवटच्या वर्षांत आर्ची एका जुन्याच प्रश्नामागे होते, समुद्रात शिरलेली पिल्लं जातात कुठे? त्यांचं उत्तर होतं, प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळाच्या पट्ट्यांमध्ये. पिल्लांना तिथे अन्न मिळतं, लपायला जागा मिळते. पण समुद्रातलं प्लॅस्टिक आणि डांबराच्या गोळ्याही त्याच पट्ट्यांत जमा होतात. या धोक्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९८७ मध्ये आला.

त्याच वर्षी २१ मे रोजी कॅन्सरने त्यांचं राहत्या घरी निधन झालं. रिडले वाचेल की नाही, हे तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्यानंतर काय झालं? मादी जन्माच्या किनाऱ्यावरच परतते, या कल्पनेला १९९० मध्ये डीएनए चाचणीने दुजोरा दिला. ते संशोधन करणाऱ्यांमध्ये आर्ची यांच्या विद्यार्थिनी अ‍ॅन मेलन होत्या. तोर्तुगेरो १९७० च्या दशकातच राष्ट्रीय उद्यान झालं होतं. १९९१ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आर्ची कार यांच्या नावाचं अभयारण्य उभं राहिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएनने ग्रीन टर्टलला संकटग्रस्त यादीतून बाहेर काढलं. १९७० च्या दशकापासून जगभरातली त्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज आहे. अर्थात हा जगाचा हिशेब झाला. खुद्द तोर्तुगेरोत काही दशकं वाढलेली घरटी अलीकडे पुन्हा घटू लागली आहेत.

आणि ही घट आपल्याला कळतेय याचं कारणही तेच जुनं काम आहे. १९५५ मध्ये आर्ची यांनी सुरू केलेली मोजणी आणि बिल्ले लावणं तोर्तुगेरोत आजही चालू आहे. दर हंगामात माणसं रात्री त्या काळ्या वाळूवर चालतात आणि नंबर लिहून घेतात.