एडवर्ड जेन्नर

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये देवीच्या रोगाची, म्हणजेच चेचकची, मोठी दहशत होती. साथ आली की घरोघरी मुले दगावत. जी वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत. कित्येकांची दृष्टी जाई.

अशा काळात १७ मे १७४९ रोजी बर्कली या गावी एडवर्ड जेन्नर यांचा जन्म झाला. एडवर्ड पाच वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. आठव्या वर्षी त्याला देवी टोचण्यात आल्या. त्या वेळी टोचणे म्हणजे रोग्याच्या फोडातील पू निरोगी मुलाच्या अंगात घालणे. ही रीत तुर्कस्तान, चीन आणि आपल्या देशातही जुनीच होती. तिने बहुधा सौम्य आजार होई; पण काही मुले त्यातच मरत. एडवर्डला आधी उपाशी ठेवले, त्याचे रक्त काढले आणि मग इतर मुलांबरोबर तबेल्यात कोंडले. तो वाचला, पण ते दिवस तो कधी विसरला नाही.

पुढे लंडनला जॉन हंटर या नामवंत डॉक्टरांच्या हाताखाली शिकून जेन्नर गावी परतले. गावात लोक म्हणत, की गवळणींना देवी येत नाहीत. गाईंच्या सडांवर फोड येतात, त्यांपासून गवळणींच्या हातांवरही येतात आणि लवकर बरे होतात. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच आपल्या बायकामुलांना गाईच्या देवी टोचल्या होत्या. परंतु ही गोष्ट पारखून जगापुढे मांडली ती जेन्नर यांनी.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेतला आणि माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स फिप्स याच्या दंडावर टोचला. मुलाला थोडा ताप आला, तो उतरला. १ जुलैला जेन्नर यांनी त्याला खऱ्या देवीचा पू टोचला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. जेम्सला काहीही झाले नाही.

रॉयल सोसायटीने त्यांचा लेख परत पाठवला. तेव्हा त्यांनी १७९८ मध्ये स्वतःच पुस्तक छापले. लोकांनी थट्टा केली. लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई बाहेर पडत आहेत, अशी चित्रे निघाली. जेन्नर मात्र बागेतल्या झोपडीत गरिबांना फुकट लस टोचत राहिले. जेम्सला त्यांनी पुढे राहायला घर दिले.

सौम्य रोगाने भयंकर रोग अडवायचा, हे त्यांचे तत्त्व. गोवर आणि गालगुंड यांच्या लसींत आज दुबळे केलेले विषाणू असतात. गालगुंडाची सूज बहुधा आपोआप उतरते. पण एखाद्या मुलाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते, एखादे कायमचे बहिरे होते. कोणते मूल, हे आधी कळत नाही.

जेन्नर १८२३ मध्ये वारले. ते भारतात कधी आले नाहीत, पण त्यांची लस आली. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत ती बगदादहून बसऱ्याला आणि तेथून जहाजाने मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून मग मुंबईतील इतर मुलांना लस मिळाली.